धारक भिंत आणि घरधनी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या मेळाव्यात दरवर्षी कोणी मुलींच्या शिक्षणावर बोलतात, कोणी लग्नकार्यातील अवाजवी खर्चावर बोलतात, आणि ते योग्यच आहे. कार्यवाहांनी जेव्हा आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही "भिंत" असे उत्तर दिले. ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. "गुरुजी, भिंतीवर काय बोलणार?" असे त्यांनी मोठ्या अदबीने विचारले. त्यांची शंका रास्त होती. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, उभी हयात शाळेत खडू झिजविण्यात गेलेली. स्थापत्यशास्त्राशी आमचा काडीमात्र संबंध नाही. परंतु ज्या ठिकाणी मनुष्य स्वतः ठेचाळतो, त्या ठिकाणाविषयी चार शब्द सांगण्याचा अधिकार त्याला प्राप्त होतो. एवढ्याच बळावर आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

दोन पिढ्यांपूर्वी आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबे खेड्यांत, गावच्या पांढरीवर, माळवदाच्या घरांत राहत होती. घर बांधावयाचे ते सपाट जागेवर, ही रीत सर्वांस ठाऊक होती. आता मुलांच्या शिक्षणासाठी व नोकरीसाठी आपण अंबाजोगाई, परळी, धारूर, पाटोदा अशा तालुक्याच्या गावी आलो. यांपैकी बरीच गावे बालाघाटाच्या अंगाखांद्यावर वसलेली. तेथे सपाट जागा महाग, आणि उताराची जागा स्वस्त. पेन्शनरांच्या वाट्यास उताराची जागा येते, हे सांगावयास नकोच! मग वरच्या अंगाने डोंगर कोरावयाचा, खालच्या अंगाने भराव टाकावयाचा, आणि तो भराव घसरू नये म्हणून भिंत घालावयाची. हिला धारक भिंत म्हणतात. आपल्याकडील गवंडी तिला "रिटेनिंग" म्हणतात.

येथेच पहिली चूक होते. कुंपणाची भिंत आणि धारक भिंत या दिसावयास सख्ख्या बहिणी; परंतु त्यांची कामे अगदी निराळी. कुंपणाची भिंत नुसती उभी राहते. तिच्या दोन्ही बाजूंस हवा असते. धारक भिंतीच्या पाठीस मात्र अष्टौप्रहर कोणीतरी खांदा लावून ढकलीत असते. कुंपणाच्या मापाची भिंत बांधून मागाहून तिच्या पाठीशी माती लोटणे, म्हणजे टपाल वाटणाऱ्याच्या डोक्यावर ज्वारीचे पोते देण्यासारखे आहे.

आम्ही नेमके हेच केले. सेवानिवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधीची जी रक्कम हाती आली, तीतून अंबाजोगाईस उताराचा एक प्लॉट घेऊन घर बांधले. मागील बाजूस आठ फूट उंच आणि चाळीस फूट लांब भिंत लागणार होती. तीन गुत्तेदारांस दर विचारले, आणि ज्याचा सर्वांत कमी त्यास काम दिले. त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. कारण पुढे जे घडले त्यात त्याच्या बरोबरीने आमचाही वाटा होता. त्याने काळ्या मातीतच दीड फुटाचा पाया खणला आणि त्यावर खालपासून वरपर्यंत सारख्याच दीड फूट जाडीची डबराची भिंत उभी केली. घराचा पाया खणताना निघालेली काळी माती तिच्या पाठीशी लोटली. भिंतीत काही भोके मात्र त्याने ठेवली होती. ती पाहून आम्हीच म्हणालो, "मिस्त्री, ही भोके बुजवा. भिंतीवर ओघळ येतील, आणि खालच्या आबांच्या अंगणात पाणी पडेल." तो म्हणाला, "बुजवतो गुरुजी. हत्ती धडकला तरी हलायची नाही बघा." भोके बुजविली, वर गुळगुळीत गिलावा केला, रंग दिला. वास्तुशांतीस आलेल्या पाहुण्यांनी भिंतीची तारीफ केली.

पहिली दोन वर्षे काही झाले नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये परतीच्या पावसाने जी झड लावली, ती आपणांपैकी अनेकांस आठवत असेल. मांजरा धरणाचे दरवाजे त्याच दिवसांत उघडावे लागले होते. त्या झडीत एका रात्री दोनच्या सुमारास मोठा आवाज झाला. आम्हांस वाटले वीज पडली. कंदील घेऊन मागे गेलो तो मागे अंगणच नव्हते. चाळीसांपैकी पंचवीस फूट भिंत खाली आबांच्या गोठ्यावर पडली होती. एक म्हैस व दोन शेळ्या दगावल्या. त्याच गोठ्याच्या पडवीत आबांची वृद्ध आई रोज निजत असे. त्या दिवशी पावसामुळे सुनेने तिला आग्रहाने घरात नेले होते. आबा पावसात उभे होते. ते आम्हांस एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

आम्ही सातवीच्या वर्गास दरवर्षी एक प्रयोग करून दाखवीत असू. पत्र्याच्या उंच डब्यास एकाखाली एक तीन भोके पाडावयाची आणि डबा पाण्याने भरावयाचा. वरच्या भोकातून धार मंद निघते, खालच्यातून सर्वांत जोराने निघते. खोली वाढेल तसा पाण्याचा दाब वाढतो, हे मुलांकडून पाठ करून घेत असू. आणि स्वतःच्या घरामागे आम्ही चाळीस फूट लांबीचा डबा बांधला व त्याची भोके आपल्या हुकुमाने बुजविली! विद्या पुस्तकात राहते ती अशी.

नुसती माती भिंतीस ढकलते, ती बऱ्याच अंशी स्वतःलाही सावरून धरते. कोरड्या मुरमाचा आडवा रेटा त्याच्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. पाण्यास असा संयम नाही. ते आपले सारे वजन आडवेही लावते. मागील भराव पाण्याने तुडुंब भरला, तर भिंतीवरील एकूण रेटा कोरड्या स्थितीच्या दुपटीहून अधिक होतो. त्यातून काळी माती असेल तर आणखी एक संकट. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास सांगावयास नको की उन्हाळ्यात काळ्या रानास हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या मिटतात. मिटतात म्हणजे माती फुगते. पाठीशी भिंत असली तर ती फुगताना भिंतीस रेटते, सुकताना मागे सरते, आणि पडलेल्या भेगेत पुढच्या पावसाचे पाणी थेट पायापर्यंत उतरते. कापसास उत्तम असलेली ही माती भिंतीची वैरीण आहे.

उंचीचे गणितही फसवे आहे. सहा फुटांची भिंत तीन फुटांनी चढवून नऊ फूट केली, तर दीडपट मजबुती पुरेल असे आपणांस वाटते. वस्तुतः रेटा सव्वादोनपट होतो, आणि भिंतीस उलथून पाडणारा जोर तिपटीहून अधिक होतो. मातीच्या रेट्याचे हे गणित कूलोम नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याच्या १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात प्रथम नीट मांडले गेले. म्हणजे हे ज्ञान काही नवे नव्हे. तेव्हा "दोन रद्दे वर चढवून टाका" असे गवंड्यास सांगण्यापूर्वी घरधन्याने थोडा विचार करावा.

कोणी म्हणेल, आपल्या वाडवडिलांनी कोठे गणित केले होते? त्यांच्या विहिरी तर शेकडो वर्षे उभ्या आहेत. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातील, निजामशाहीच्या काळची. तिचे दगडी बांधकाम आजही पाहावयास मिळते. हा प्रश्न आम्हीही केला होता, आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या, आपल्याच ज्ञातीतील एका अभियंत्यांनी त्याचे उत्तर दिले. विहिरीचे बांधकाम गोल असते. चहूबाजूंनी माती दाबते तेव्हा दगड दगडात अधिक घट्ट बसतो, कमानीसारखा. पाणी आत झिरपावे हीच तेथे इच्छा असते, म्हणून ते कोंडत नाही. सरळ भिंतीस यांतील एकही सोय नाही. तिने उभे राहावयाचे ते केवळ आपल्या वजनावर, पायाच्या रुंदीवर, किंवा आत घातलेल्या लोखंडाच्या बळावर.

या अभियंत्यांच्या देखरेखीखाली आम्ही दुसरी भिंत बांधविली. जाणत्या माणसाकडून काय अपेक्षा करावी, ते आम्ही तेव्हा शिकलो. ते प्रथम आले तेव्हा त्यांनी दराचा शब्दही काढला नाही. भिंतीच्या वरच्या अंगास काय काय उभे राहणार आहे, पाणी कोठून कोठून येते, आणि खाली कोण राहते, एवढेच त्यांनी विचारले. मग एक खड्डा खणविला. चार फूट काळी माती लागली आणि तिच्याखाली पिवळसर मुरूम लागला. "पाया येथून," असे ते म्हणाले. दर सांगण्यापूर्वी जो खड्डा खणून पाहत नाही, त्याचा दर कितीही कमी असो, तो दर नव्हे, अंदाज आहे.

नंतर त्यांनी भिंतीचा आडवा छेद कागदावर काढून दिला, मापे घालून आणि खाली सही करून. वर दीड फूट जाडी, तळाशी साडेचार फूट. आम्ही दचकलो. तेव्हा त्यांनी सांगितले की, वजनावर उभ्या राहणाऱ्या दगडी भिंतीचा तळ उंचीच्या निम्म्याहून रुंद, सर्वसाधारणपणे निम्म्यापासून सात-दशांशापर्यंत असावा लागतो. आमची पहिली भिंत आठ फुटांस दीड फूट होती! सिमेंट-काँक्रीटची सळयांची भिंत वरून पातळ दिसते, पण तिचाही तळवा जमिनीखाली असाच पसरलेला असतो आणि त्यावर बसलेली माती तिला दाबून धरते. तो तळवा दिसत नाही म्हणून तोच कापून पैसे वाचविण्याचा मोह होतो.

दगडी कामात दोन्ही तोंडे दगडांची आणि मधल्या पोकळीत चिपा व माती, ही खोड आपल्या भागात फार जुनी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा शेजारच्या लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत अशाच भिंती उभ्या चिरून दुभंगल्या आणि निजलेल्या माणसांवर पडल्या. दोन्ही तोंडांस सांधणारा आरपार दगड दर थरात ठराविक अंतरावर पाहिजे. आमच्या दुसऱ्या भिंतीत ते कोठे आहेत ते अभियंत्यांनी खडूने खुणा करून दाखविले, आणि खुणा केल्याशिवाय पुढील थर चढवू दिला नाही.

परंतु सर्वांत अधिक काळजी त्यांनी घेतली ती पाण्याची. चार इंची नळ्या, बाहेरच्या अंगास किंचित उतार देऊन, सुमारे चार-चार फुटांवर, एका ओळीतील दोहोंच्या मध्ये दुसऱ्या ओळीतील एक येईल अशा बसविल्या. भिंतीच्या पाठीशी दोन फूट जाडीचा दगडगोट्यांचा व खडीचा थर दिला. मोठे दगड भिंतीकडे आणि बारीक खडी मातीकडे, म्हणजे माती वाहून येऊन नळी तुंबत नाही. त्यामागे मुरूम, आठ-नऊ इंचांचे थर घालून, पाणी शिंपडून, धुम्मस करून. एका दिवसात यंत्राने ढीग लोटून नव्हे. वरच्या अंगास पागोळ्यांचे पाणी अडविणारी पक्की नाली केली आणि खालच्या अंगास, नळ्यांतून येणारे पाणी आबांच्या अंगणात न जाता सार्वजनिक गटारास मिळावे म्हणून, दुसरी नाली केली. आम्हांस पूर्वी जी अडचण वाटली होती, तिचे उत्तर भोके बुजविणे हे नव्हते. एक नाली बांधणे हे होते. घराचा शोषखड्डा भिंतीपासून सहा फुटांवर होता, तो त्यांनी घरापुढे हलवावयास लावला. यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता, कारण नुकत्याच बसविलेल्या फरश्या उखडाव्या लागल्या.

काम झाल्यावर पाणी मारण्यासही आपण कंटाळतो. काँक्रीट निदान सात दिवस, आणि आपल्यासारख्या कोरड्या उन्हाच्या मुलुखात निदान दहा दिवस ओले राहिले पाहिजे, असे भारतीय मानकांत सांगितले आहे. त्याची पुरी ताकद २८ दिवसांची धरतात. भिंत पुरी पक्व होण्यापूर्वी मागे भराव लोटणे म्हणजे कच्च्या खोंडास गाडीस जुंपणे होय. डोंगराळ भागातील धारक भिंतींसाठी भारतीय मानक ब्युरोचे स्वतंत्र मार्गदर्शन आहे, आयएस १४४५८. घरधन्याने ते वाचावे असे आमचे म्हणणे नाही. आम्हीही वाचलेले नाही. परंतु काम करणाऱ्यास ते ठाऊक आहे काय, एवढे विचारण्यास हरकत नसावी. प्रश्न विचारताच जो रागावतो, त्यास काम देऊ नये.

पैशाविषयी. दुसऱ्या भिंतीस पहिलीच्या पावणेतीनपट खर्च आला. त्यात राडारोडा उचलण्याचा, गोठा बांधून देण्याचा आणि जनावरांच्या भरपाईचा खर्च धरलेला नाही. आमच्या मते करार कागदावर असावा, छेदाचा नकाशा त्यास जोडलेला असावा, आणि पाया, पाठीचा खडीथर व भराव या तीन टप्प्यांवर घरधन्याने प्रत्यक्ष पाहिल्यावाचून व छायाचित्र काढल्यावाचून पुढील हप्ता देऊ नये. एकदा माती लोटली की चांगले काम आणि वाईट काम सारखेच दिसते. शेवटचा काही हिस्सा एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा. प्रामाणिक गुत्तेदार यास राजी होतो, हा आमचा अनुभव आहे. ज्यांनी विकासकाकडून तयार घर घेतले आहे, त्यांस स्थावर संपदा अधिनियम, २०१६ खाली बांधकामातील दोषांबद्दल ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत दाद मागता येते. स्वतः गुत्तेदार लावून बांधणाऱ्यास मात्र त्याचा करार हाच आधार.

कायद्याची दुसरीही एक बाजू आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे प्रत्येकाच्या जमिनीस, ती नैसर्गिक स्थितीत असेपर्यंत, शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे खालच्या मालकाने उगीच आपली बाजू कोरून वरच्याची जमीन ढासळवू नये. परंतु आपण वर भराव घातला, घर बांधले, हौद बांधला, की ती नैसर्गिक स्थिती राहिली नाही. त्या वाढीव ओझ्याची जबाबदारी ओझे घालणाऱ्याची, हे सांगण्यास वकिलाची गरज नाही.

भिंत बांधून झाल्यावर ती विसरावयाची नसते. उत्तम भिंतही पहिल्या वर्षी केसभर पुढे झुकते. सांध्यांत बारीक रेषा दिसतात. त्याने घाबरू नये. घाबरावे ते निराळ्या खुणांनी. भिंतीच्या मध्यावर फुगा आला, वरच्या अंगणात भिंतीस समांतर लांब भेग पडली, किंवा धो धो पाऊस असूनही नळ्या कोरड्या ठणठणीत राहिल्या, तर त्याच दिवशी जाणत्यास बोलवावे आणि खाली राहणाऱ्यास सावध करावे. मृगापूर्वी प्रत्येक नळीत काठी घालून ती मोकळी करावी. आमचा नातू हे काम आवडीने करतो. मागील वर्षी एका नळीतून सरडा निघाला.

आपल्याकडे पाऊस थोडा, मग इतका खटाटोप कशास, असे अनेकजण म्हणतात. पाऊस थोडा हे खरे. पण तो वर्षभराचा हिशेब आहे. भिंत वर्षाच्या हिशेबाने पडत नाही, एका रात्रीच्या हिशेबाने पडते. १९८९ साली बिंदुसरेने बीड शहरात काय केले, हे त्या पिढीतील कोणासही विचारावे.

आणि भिंत पडते तेव्हा ती बांधणाऱ्यावर पडत नाही. २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढवा भागात एका गृहसंकुलाची भिंत पावसात कोसळली आणि खाली झोपड्यांत निजलेल्या मजूर कुटुंबांतील १५ माणसे मेली. तीनच दिवसांनी, २ जुलैच्या मध्यरात्री, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत खालच्या वस्तीवर पडली आणि तीसहून अधिक माणसे गेली. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीस आणि बांधकामांवर परमुलखी जातात. कोणाच्या तरी भिंतीच्या पायथ्याशीच त्यांच्या कोप्या पडतात. या बातम्या वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आता आबांची आई येते. पहिली भिंत बांधताना आम्ही तिचा विचार केला होता तो एवढाच, की तिच्या अंगणात पाणी पडू नये.

आबांनी भरपाई घेण्यास प्रथम नकार दिला. "गुरुजी, पोराला तुम्हीच शिकवलं, पैसे कशाचे घ्यायचे," असे म्हणाले. त्यांचा मुलगा आमचाच विद्यार्थी होता, त्याने डब्याचा तो प्रयोग पाहिला होता. पुढे पुष्कळ विनवणी केल्यावर त्यांनी म्हशीची किंमत घेतली, शेळ्यांची घेतली नाही.

आता कामाचे. ज्यांचे प्लॉट उतारावर आहेत आणि बांधकाम व्हावयाचे आहे, त्यांनी आपली नावे भोजनापूर्वी कार्यवाहांकडे नोंदवावीत. आम्ही ज्यांचा उल्लेख केला त्या अभियंत्यांनी महिन्यातील एक रविवार ज्ञातीसाठी देण्याचे मान्य केले आहे. प्रवासखर्च मात्र ज्याने त्याने द्यावा, आणि ते येण्यापूर्वी खड्डा खणून ठेवावा. ज्यांची भिंत आधीच उभी आहे त्यांनीही संकोच करू नये. आमच्या भिंतीच्या छेदाचा नकाशा बाहेर फळ्यावर लावला आहे, आणि भिंत पाहावयाची असेल तर घर सर्वांस मोकळे आहे. येताना खालच्या वाटेने, आबांच्या अंगणातून यावे, कारण नळ्या तेथूनच दिसतात.